हरणांचा मक्ता

आमच्या टीममध्ये रिलीजच्या तारखा ठरवताना एक अलिखित नियम पाळतात. थँक्सगिव्हिंगच्या आधीच्या शुक्रवारी काहीही प्रॉडक्शनला टाकायचं नाही. ह्याला टेक्निकल कारण वगैरे काही नाही. कारण आहे हरणं. इलिनॉयमध्ये बंदुकीने हरणं मारायचा मुख्य सीझन म्हणजे जेमतेम सात दिवस. थँक्सगिव्हिंगच्या आधीचे शुक्रवार, शनिवार, रविवार आणि सण उलटला की पुढच्या आठवड्यातले गुरुवार ते रविवार. त्या पहिल्या शुक्रवारी हापिसात जावं तर अर्धं पब्लिक गायब. उरलेल्या अर्ध्यात आपण देसी मंडळी. आणि ज्या दिवशी आमचा डीबीए कुठल्यातरी ओढ्याकाठी झाडावर चढून बसलेला असतो, त्या दिवशी डेटाबेसला हात लावायची छाती कोणाची आहे?

ह्या डीबीएनेच मला एकदा कॉफी पिताना सांगितलं की त्याच्याकडे लीजवर १६० एकर आहेत. पन्नाशी उलटलेला, सरळमार्गी माणूस. शेती करत नाही. मका पेरत नाही, सोयाबीन काढत नाही. मग १६० एकर कशाला? तर हरणं मारायला. तो आणि त्याचे तीन मित्र मिळून एका शेतकऱ्याला दरवर्षी पैसे देतात, आणि त्या बदल्यात वर्षभर त्या शेतात शिकारीसाठी फक्त हे चौघेच जाऊ शकतात. बरोबर गाईड नाही, जेवणखाण नाही, राहायची सोय नाही. आपापलं जा, आपापलं शोधा, जमलं तर मारा. ह्याला म्हणतात सेल्फ-गाइडेड.

मी विचारलं, "आणि वर्षभरात एकही हरीण मिळालं नाही तर? पैसे परत?"

तो हसायलाच लागला. म्हणाला, "तू हरणाचे पैसे देतच नाहीस. हरीण त्या शेतकऱ्याचं नाहीच मुळी."

इथे माझी ट्यूब पेटायला वेळ लागला. कारण आपल्या डोक्यात मक्ता म्हटलं की एक ठराविक चित्र असतं. कोकणात आंब्याची कलमं मक्त्याने देतात. विदर्भात चिंचेची, मोहाची झाडं देतात. जमीन मालकाची, झाड मालकाचं, फक्त त्या वर्षीचं फळ मक्तेदाराचं. सोपं आहे. पण इथे जमीन शेतकऱ्याची, त्यातला मका शेतकऱ्याचा, तो मका खाऊन माजलेलं हरीण मात्र शेतकऱ्याचं नाही. ते राज्याचं. म्हणजे राज्याने सगळ्या जनतेच्या वतीने सांभाळलेलं. शेतकरी विकतो ती फक्त आत यायची परवानगी. किंवा खरं सांगायचं तर इतरांना आत न येऊ द्यायची हमी.

हे सगळं आलं कुठून हे बघायला गेलो आणि दोन वीकेंड त्यातच गेले. तर गोष्ट अशी.

इंग्लंडात राखीव जंगलातलं हरीण राजाचं असायचं. गरिबाने मारलं तर शिक्षा. अमेरिकेत आलेल्या लोकांना नेमकं हेच नको होतं. त्यांनी हरीण सगळ्यांचं करून टाकलं. पण 'सगळ्यांचं' म्हणजे सुरुवातीला 'ज्याच्या हाती बंदूक त्याचं' असंच झालं. एकोणिसाव्या शतकात बाजारात मांस आणि कातडी विकण्यासाठी इतकी बेसुमार शिकार झाली की शतक संपताना अख्ख्या देशात व्हाइटटेल, म्हणजे पांढऱ्या शेपटीची हरणं, अंदाजे पाच लाख किंवा त्याहूनही कमी उरली होती. इलिनॉयमध्ये तर जवळजवळ संपलीच होती. १८९६ साली सुप्रीम कोर्टाने गीअर विरुद्ध कनेक्टिकट ह्या खटल्यात सांगितलं की रानातले प्राणी जनतेच्या वतीने राज्याच्या ताब्यात आहेत. ह्या निकालातला राज्याच्या मालकीचा भाग १९७९ मध्ये कोर्टानेच बाजूला सारला, पण राज्य हे विश्वस्त आहे ही कल्पना टिकली. १९०० साली लेसी कायदा आला आणि बेकायदा मारलेली शिकार एका राज्यातून दुसऱ्या राज्यात नेऊन विकणं गुन्हा झालं. इलिनॉयने १९०१ मध्ये हरणाची शिकारच बंद केली. ती पुन्हा उघडली थेट १९५७ मध्ये. मधल्या काळात, १९३७ साली, आणखी एक भारी कायदा झाला. पिटमन-रॉबर्टसन. बंदुका आणि काडतुसांवरचा कर थेट वन्यजीवांच्या कामासाठी राज्यांना वाटायचा. म्हणजे जो मारणार त्याच्याच खिशातून वाढवायचं!

परिणाम? आज अमेरिकेत व्हाइटटेल अंदाजे तीन कोटी आहेत. पाच लाखांवरून तीन कोटी. आता तर इतकी झालीत की दरवर्षी रस्त्यांवर गाड्यांना हरणं धडकण्याचे प्रकार दहा लाखांच्या वर जातात. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये इथे रात्री गाडी चालवणाऱ्या प्रत्येक देसी माणसाला ह्याचा धसका असतो.

आता गंमत बघा. हरीण सगळ्यांचं, पण इलिनॉयमधली साधारण ९५ टक्के जमीन खाजगी. सरकारी जागेत शिकारीला जाता येतं, पण ती थोडी आणि तिथे गर्दी. मग सगळ्यांचं हरीण राहतं कोणाकडे? कुणा एकाच्या शेतात. जुन्या काळी ह्यावर उपाय सोपा होता. दार वाजवायचं. "काका, तुमच्या ओढ्यात बसू का?" "बस." हिवाळ्यात थोडं मांस नेऊन द्यायचं, उन्हाळ्यात गवताचे भारे उचलायला मदत करायची. आमचा डीबीए असाच शिकला. त्याच्या लहानपणी त्याने एक पैसा दिला नाही, आणि कोणी मागितलाही नाही.

मग पैसे आले कुठून? शिंगांमुळे.

मांसासाठी हरीण मारायचं तर कुठलंही चालतं, उलट मादी बरी. पण ट्रॉफी म्हणजे भिंतीवर लावायचं डोकं, आणि त्यात सगळा खेळ शिंगांचा. व्हाइटटेलची शिंगं आपल्या चितळ-सांबरासारखी दरवर्षी गळून पडतात आणि नव्याने येतात. (काळवीटाची गळत नाहीत. हा फरक मलाही इथे येऊन कळला.) वय वाढतं तशी दरवर्षी मोठी येतात, आणि नर साधारण पाच-सहा वर्षांचा झाला की पूर्ण भरात येतात. ती मोजायची एक पद्धत आहे. बून अँड क्रॉकेट नावाचा क्लब आहे, थिओडोर रूझवेल्टने १८८७ मध्ये काढलेला. त्यांची १९५० पासूनची मोजणी अशी: दोन्ही मुख्य शिंगांची लांबी, प्रत्येक फाट्याची लांबी, चार ठिकाणचे घेर, दोन शिंगांमधलं अंतर. सगळं एक अष्टमांश इंचापर्यंत. अधिकृत मोजणी करायची तर शिंगं आधी ६० दिवस वाळवायची. बेरीज केली की आला ग्रॉस स्कोअर. मग डाव्या-उजव्या बाजूत जितका फरक, तितका वजा. उरला तो नेट. हे ऐकल्यावर मी म्हटलं, अरे ही तर आपली सॅलरी स्लिप! ग्रॉस सांगायला, नेट जगायला. सर्वसाधारण ठेवणीच्या शिंगांचा नेट १७० असेल तर क्लबच्या कायमच्या यादीत नाव. धनुष्यबाणवाल्यांचा पोप अँड यंग नावाचा वेगळा क्लब आहे, तिथे १२५ पुरतात.

१९६५ मध्ये आमच्या जवळच्या पिओरिया काउंटीत मेल जॉन्सन नावाच्या माणसाने सोयाबीनच्या शेताच्या कडेला धनुष्याने एक नर मारला. स्कोअर २०४ आणि चार अष्टमांश. तो विक्रम पुढे कित्येक दशकं टिकला. इथे हरणाचा विषय निघाला की आजही ते नाव निघतं.

इलिनॉयमध्ये अशी शिंगं येतात ह्याला कारणं आहेत. माती काळी आणि सुपीक, खायला मका आणि सोयाबीन, दऱ्या-ओढ्यांत ओकची झाडी. मुख्य म्हणजे शिंगवाली हरणं एका माणसाला वर्षाला दोनच मारता येतात, आणि बंदुकीचा सीझन नेमका इतका आखूड. त्यामुळे नराला म्हातारं व्हायला सवड मिळते. मिसिसिपी आणि इलिनॉय ह्या दोन नद्यांच्या बेचक्यात पाईक काउंटी आहे. तिथलं मुख्य गाव पिट्सफील्ड एकेकाळी डुकरांच्या धंद्यासाठी प्रसिद्ध होतं. आज अमेरिकेच्या दुसऱ्या टोकाचे लोक पाईक काउंटी म्हटलं की हरीण म्हणतात.

मागच्या सप्टेंबरात डीबीएबरोबर मी तिथे जाऊन आलो. शिकारीला नाही, हमालीला. :-) मचाणं बसवायची होती. आमच्या गावापासून सव्वादोन तास. निघताना त्याने बजावलं, पायजमा मोज्यात खोच, गोचीड असतात.

शेत बघितल्यावर मक्त्याचं अर्थशास्त्र कळलं. सपाट भागात मका. चांगल्या जमिनीचं शेतीचं भाडं इथे एकरी २०० ते ३०० डॉलर मिळतं. पण त्या १६० एकरांत सगळीच जमीन अशी नाही. जवळजवळ निम्मी दरीत आणि झाडीत. तिथे ट्रॅक्टर जात नाही, पीक येत नाही, प्रॉपर्टी टॅक्स मात्र थोडा का होईना भरावाच लागतो. एक पट्टा सीआरपीत घातलेला. ही १९८५ च्या शेती कायद्यातून आलेली योजना आहे. धूप होणारी जमीन दहा-पंधरा वर्षं पेरायची नाही, गवत लावायचं, सरकार भाडं देतं. त्या पुरुषभर गवतात दिवसा हरणं झोपतात. म्हणजे पिकाच्या दृष्टीने शेताचा जो भाग निकामी, तोच हरणाच्या दृष्टीने बेडरूम. ह्या चौघांचा दर एकरी तीस डॉलर. १६० एकरांचे ४,८०० डॉलर, माणशी १,२००. शेतकऱ्याला झाडी नुसती झाडी ठेवण्याचे पैसे मिळतात.

शेताचे मालक सत्तरीचे. आजोबाच म्हणतो. गेटपाशी भेटले, माझ्याशी हात मिळवला, मी भारतातून आलोय कळल्यावर विचारलं, "तुमच्याकडे सोयाबीन एकरी किती होतं?" मी सांगितलेला आकडा ऐकून ते बराच वेळ काही बोलले नाहीत. भल्या माणसाने विषय बदलला. पुढे म्हणाले, मक्याचे भाव चढले होते तेव्हा शेजारच्याने बुलडोझर लावून ओढ्यापर्यंतची झाडं पाडली. "मीही पाडली असती. पण झाडं पाडली तर ही पोरं पैसे कशाचे देणार?" पन्नाशीची ही पोरं!

करारनामाही बघितला. चार पानी, आपल्या एसएलएसारखा. माणसं किती, पाहुणा आणायचा की नाही, गेट कसं बंद करायचं, पेरणी-कापणी चालू असेल तर मशीन आधी, शिकारी नंतर. झाडाला खिळा ठोकायचा नाही, कारण वॉलनटच्या लाकडात एक खिळा निघाला तरी लाकूडवाला भाव पाडतो. दहा लाख डॉलरचा विमा शिकाऱ्यांनी काढायचा. ह्या विम्यामागेही कायदाच आहे. फुकट येऊ दिलं आणि कोणी मचाणावरून पडलं तर बहुतेक राज्यांत कायदा शेतकऱ्याला बऱ्यापैकी संरक्षण देतो. पैसे घेतले की ते संरक्षण जातं. आणखी एक बारीक गोष्ट. इलिनॉयमध्ये ४० एकरांच्या वर जमीन असलेल्याला, किंवा ती शेतीसाठी भाड्याने कसणाऱ्याला, शिकारीच्या परवान्यात सवलत असते. शिकारीचा मक्ता घेणाऱ्याला ती नाही. राज्य त्याला स्पष्ट सांगतं: तू शेतकरी नाहीस, तू रांगेत उभा राहा.

मग दिवसभर काम. सेल्फ-गाइडेड शब्दात 'सेल्फ' किती आहे ते त्या दिवशी कळलं. ह्यांचं वर्ष फेब्रुवारीत सुरू होतं, गळलेली शिंगं शोधण्यापासून. कुठला नर सीझनमधून वाचला ते त्यावरून कळतं. वसंतात झाडीतल्या मोकळ्या तुकड्यांवर क्लोव्हर पेरायचं. उन्हाळ्यात कॅमेरे लावायचे, त्यांचे फोटो आता थेट फोनवर येतात. इलिनॉयमध्ये हरणांना खायला टाकायची बंदी आहे, म्हणजे मक्याचं पोतं ओतून ठेवलं असं चालत नाही. पेरलेलं चालतं. मग वारा. आमच्या डीबीएकडे प्रत्येक मचाणाचा तक्ता आहे: वायव्येचा वारा असेल तर तीन नंबर, दक्षिणेचा असेल तर पाच नंबर, पूर्वेचा असेल तर घरी बस. कारण हरणाला माणूस दिसायच्या आधी वास येतो. नोव्हेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात माज येतो तेव्हा शहाणे नरही दिवसाढवळ्या माद्यांमागे धावतात, आणि वर्षभराची मेहनत त्या चार दिवसांत वसूल झाली तर झाली.

कॅमेऱ्यात त्याचा एक खास नर होता. चार वर्षं त्याच्यावर नजर. पहिल्या वर्षी अडीच वर्षांचा, सोडला. पुढच्या वर्षी टप्प्यात आला होता, तरी सोडला. मी म्हटलं, इतकी वाट? तो म्हणाला, अडचण माझ्या वाट बघण्याची नाहीये. ह्या नराचा वावर साधारण एक चौरस मैलाचा, म्हणजे ६४० एकरांचा. माझ्याकडे १६०. मी सोडलेला नर कुंपण ओलांडून गेला आणि शेजाऱ्याने मारला तर तो त्याचा. आणि शेजारीही हाच विचार करतो, की मी सोडला तर तो मारेल. म्हणून दोघेही लहान नर मारतात आणि कोणालाच मोठा मिळत नाही. गेम थिअरीतला कैद्यांचा पेच कॉलेजात शिकलो होतो, तो असा तारेच्या कुंपणावर भेटेल असं वाटलं नव्हतं. ह्यावर उपाय म्हणून काही ठिकाणी शेजारी-शेजारी एकत्र येऊन ठरवतात, अमुक वयाखालचा नर कोणीच मारायचा नाही. सगळ्यांचं हरीण परत थोडंफार सगळ्यांचं होतं, निदान चार कुंपणांपुरतं.

पण त्या चार कुंपणांच्या बाहेर कोण राहतं? आजोबांच्या शेजारच्या रस्त्यावरचं एक कुटुंब. त्यांच्या तीन पिढ्या ह्या ओढ्यात फुकट शिकार करायच्या. मक्ता दिल्यावर आजोबांना त्यांना नाही म्हणावं लागलं. करारातच तसं आहे. आजोबा हे सांगताना ओढ्याकडे बघत होते. त्या घरातला मुलगा सोळा वर्षांचा आहे. तो आता सरकारी जागेत जातो, सव्वा तास गाडी चालवून. खिडकीतून दिसणारं हरीण कायद्याने त्याचंही आहे. त्याच्यापर्यंत जायचा रस्ता मात्र आता विकला गेलाय.

मला इथे खरी अडचण दिसते. राजाला हाकलून हरीण जनतेचं केलं, आणि पैसा मागच्या दाराने येऊन राजाच्या जागी बसला. आमचा डीबीए काही राजा नाही. पण त्याच्यापुढे आउटफिटर आहेत, म्हणजे चार-पाच शेतं एकदम मक्त्याने घेऊन बाहेरगावच्या गिऱ्हाइकांना पाच-पाच दिवसांच्या शिकारी विकणारे. त्यांच्यापुढे जमीनच विकत घेणारे. प्रत्येक जण खालच्याला म्हणतो, सॉरी, ही जागा घेतलेली आहे. डीबीए ज्या दारावर लहानपणी टकटक करायचा, तशाच एका दाराच्या आत तो आता पैसे भरून बसलाय. हे त्याला कळतं. तो ते बोलूनही दाखवतो.

दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. मक्ता नसता तर ती झाडी आज उभी नसती. मग हरीण ना डीबीएचं, ना त्या सोळा वर्षांच्या पोराचं.

ह्यात हरणाचं भलं कोण बघतं हा प्रश्नही आहेच. २००२ मध्ये विस्कॉन्सिन आणि इलिनॉयमध्ये सीडब्ल्यूडी हा मेंदूचा रोग हरणांत सापडला. औषध नाही, लागण झालेलं जनावर मरतंच. तो पसरू नये म्हणून राज्याला हरणांची दाटी कमी हवी असते. ट्रॉफीवाल्याला मोठा नर टिकायला हवा असतो. राज्य म्हणतं मारा, मक्तेदार म्हणतो थांबा. दोघांचं हरीण एकच.

हे सगळं मी यवतमाळला काकांना फोनवर सांगितलं. आमचं तिकडे थोडं शेत आहे, काका करतात. कापूस, तूर आणि हो, सोयाबीन. तेच सोयाबीन. काकांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "म्हणजे तिकडं हरीण शेतात आलं का शेतकऱ्याले पैसे भेटतेत?"

"हो, एक प्रकारे."

"अन् आमच्या इकडं रोही जेवून जाते, अन् मचाणावर मीच बसतो!"

मला हसू आलं, पण काकांचं चुकीचं काय आहे? मचाण दोन्हीकडे आहे. तिकडचा माणूस हरीण यावं म्हणून पैसे भरून बसतो. इकडचा रोही आणि रानडुक्कर येऊ नये म्हणून थंडीत फुकट जागली करतो. शेताला जुन्या साड्या बांधायच्या, झटका मशीन लावायचं, फटाके वाजवायचे. नुकसान झालंच तर अर्ज, पंचनामा, आणि मग भरपाईची वाट. आपल्याकडे १९७२ चा वन्यजीव कायदा आला आणि १९९१ च्या दुरुस्तीनंतर हौसेची शिकार पूर्ण बंद झाली. पिकाला धोका असेल तर काही जनावरं मारायची परवानगी त्या कायद्याखाली मिळू शकते, पण मारलेलं जनावर सरकारची मालमत्ता. शेतकऱ्याच्या वाट्याला नुकसान कमी होण्यापलीकडे काही नाही.

म्हणून काय आपणही मक्ते द्यायचे? मला नाही तसं वाटत. एक तर इलिनॉयमध्ये लांडगे आणि प्यूमा केव्हाच संपले, तिथे माणूसच वाघाच्या जागी बसलाय. आमच्या यवतमाळात टिपेश्वर आहे. तिथे खरा वाघ आहे आणि त्याला चितळ आणि रोही लागतात. दुसरं म्हणजे आपल्याकडे १६० एकर एका मालकाचे नसतात. चार-चार एकरांचे तुकडे, बांधाला बांध, आणि दिवसभर माणसांचा राबता. तिथे हौशी माणूस बंदूक घेऊन मचाणावर बसवणं म्हणजे भयंकर प्रकार. आणि तिसरं, आपल्याकडे शिकार बंद झाली म्हणून काळवीट उरलं. ते मोडायची माझी तरी इच्छा नाही.

पण त्या चार पानी करारातला एक विचार मला सोडवत नाही. जनावर सगळ्यांचं असू दे. जो त्याला रोज खाऊ घालतो, ज्याच्या शेतात ते झोपतं, त्याला त्याचं काहीतरी मिळालं पाहिजे, आणि तेही नुकसान झाल्यावर भीक घातल्यासारखं नाही, जनावर आहे म्हणून. शिकारीचंच असायला पाहिजे असं थोडंच आहे? टिपेश्वरला जिप्सीत बसून वाघ बघायला आपण पुण्या-मुंबईची मंडळी आनंदाने पैसे मोजतो. फोटो टाकतो. त्या वाघाचं पुढचं जेवण त्या रात्री ज्याच्या तुरीत चरत असतं, त्याचा त्या तिकिटात वाटा किती? हा प्रश्न मी स्वतःला विचारला तेव्हा मला उत्तर द्यायला जड गेलं, कारण त्या तुरीचा मालक माझा काका आहे.

एक मजेशीर माहिती जाता जाता. एच-वन-बी वर असलेल्या माणसाने बंदूक बाळगायला अमेरिकेच्या केंद्रीय कायद्याने बंदी आहे. अपवाद मोजके. त्यातला एक म्हणजे शिकारीचा वैध परवाना! डीबीए मला हे सांगून दोन वर्षं पटवतोय. मी अजून तरी हमालीवरच खूश आहे.

आणि त्याच्या मक्त्याचं काय झालं ते सांगायचं राहिलं. जानेवारीत आजोबांचा फोन आला. बाहेरच्या राज्यातल्या एकाने एकरी पंचेचाळीस देऊ केले होते. आजोबांनी ते लपवलं नाही, आधी ह्यांनाच विचारलं, जमेल का? चौघांनी हिशोब केला. दोघांची मुलं कॉलेजात. नाही जमलं. डीबीए आजोबांवर चिडला नाही. म्हणाला, त्यांच्या जागी मी असतो तर मीही तेच केलं असतं.

फेब्रुवारीत मचाणं काढायला मी परत गेलो होतो. बर्फ अर्धवट वितळलेला, चिखल. सीआरपीच्या गवतात डीबीएला एक शिंग सापडलं, आणि पन्नास पावलांवर दुसरं. चार वर्षं सोडलेल्या नराचं. म्हणजे तो ह्याही सीझनमधून वाचला होता. त्याने खिशातून टेप काढून तिथेच चिखलात बसून मोजलं, ओठांत पुटपुटत बेरीज केली, आणि मला आकडा सांगितला नाही. निघताना एक शिंग गाडीत ठेवलं. दुसरं त्या रस्त्यावरच्या घरी नेऊन सोळा वर्षांच्या पोराला दिलं आणि सांगितलं, हा अजून जिवंत आहे, आणि पूर्वेचा वारा असला की तुमच्या परसाकडून जातो.

त्यांच्या परसाला मक्ता लागत नाही.